पेटीतला फेटिया, हातातला टाका



मी राणीसावरगावच्या शिवारातल्या एका तांड्यावरची बाई. बचत गटाची हिशेबाची वही लिहिते. माईकपुढं बसायची ही पहिलीच वेळ. बसले त्याला कारण आमच्या घरातली एक लोखंडी पेटी.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी तांड्यावर मोटारसायकलवरून एक माणूस आला. मागं भलंमोठं गाठोडं. जुना फेटिया, कांचळी, जुनी चांदी, कवड्या असं काही आहे का, म्हणत दारोदार फिरला. मी त्या दिवशी गटाच्या कामानं गंगाखेडला गेले होते. संध्याकाळी परत आले तर माझी सासू ओसरीवर गप बसलेली. आम्ही घरात तिला याडीच म्हणतो, म्हणजे आई. शेजारी पेटी उघडी. आत बघितलं तर कांचळी नव्हती. याडीच्या लग्नातली कांचळी, तिच्या आईनं हातानं भरलेली. तिच्या बदल्यात एक नवी साडी आणि वर थोडे पैसे मिळाले होते. फेटिया तेवढा वाचला, कारण त्याचा घेर उंदरानं कुरतडला होता. त्या माणसाला तो नको होता.

मी चिडले. याडी शांतपणे म्हणाली, "कुणाला घालायची होती ती? तू घातली नाहीस. तुझी लेक घालणार नाही. उंदराला ठेवायची होती का?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी त्या उत्तराच्या मागं आहे. आज जे बोलणार ते तेच उत्तर आहे.

आधी, ज्यांनी फेटिया जवळून बघितला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. माझ्या लहानपणी राणीसावरगावच्या बाजारात लांबून येणारी बाई कोणत्या घरची ते कपड्यावरून कळायचं. इरकली लुगडं, खणाची चोळी आणि डोक्यावर पदर म्हटलं की गावातली बाई. खांद्यावर घोंगडी टाकलेला गडी दिसला की मेंढरं जवळच असणार. आणि उन्हात आरसे चमकले, घुंगरं वाजली, की तांड्यावरच्या बाया आल्या. राठोड असो, पवार असो, चव्हाण, जाधव नाहीतर आडे असो, कुळं वेगळी पण बाईचा पोशाख एक. खाली मोठ्या घेराचा फेटिया, वर पाठीवर नाड्यांनी बांधायची कांचळी, डोक्यावरून पाठीवर सोडलेली छांटिया. केसांत दोन्ही बाजूंना चांदीची टोपली आणि घुगरी, गळ्यात हासली, दंडापर्यंत बलिया.

फेटियाच्या कमरेला भरतकामाची जाड पट्टी असते, तिला लेपो म्हणतात. आरसे, कवड्या, शिशाचे मणी, जुनी नाणी, सगळं हातानं टाचलेलं. कपडा म्हणून तो जड, पण त्याला कारण होतं. आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. घर पाठीवर आणि दागिना अंगावर. ज्याला एका जागी राहायचंच नाही, तो आपली ठेव भिंतीत पुरत नाही. ती ठेव बाईच्या अंगावर असायची.

तो पोशाख शिंप्याकडं मिळत नव्हता. मुलगी सहा-सात वर्षांची झाली की आईच्या मांडीला मांडी लावून सुई धरायची. लग्नाचा फेटिया पुरा व्हायला वर्षं लागायची. कामं उरकून मिळेल त्या वेळात, बैलांमागं, चुलीपुढं तो भरला जायचा. म्हणून एका घरचा टाका दुसऱ्या घरच्या टाक्यासारखा नेमका कधी नसायचा. याडी आजही जुनी कांचळी हातात घेऊन सांगते की ही अमक्या तांड्याची.

आता एक दूरची गोष्ट सांगते. ती माझ्या कानावर कशी आली तेही सांगते, म्हणजे ही मधेच कुठं निघाली असं वाटणार नाही.

कांचळी गेली त्याच आठवड्यात माझी लेक फोनवर काहीतरी बघून खदखदा हसत होती. मी विचारलं तर फोन पुढं केला. धिप्पाड गडी माणसं, मोठ्या मिशांची, गुडघ्यापर्यंत चौकटीचा घागरा घातलेली, काखेत पिशवीसारखं वाजंत्र दाबून वाजवत रांगेनं चाललेली. मीही हसले. मग एकदम आठवलं की असंच हसायचे आपल्याला. एसटीत याडी चढली की मागच्या सीटवर पोरं घुंगरांचा आवाज काढायची. शाळेत मला सोडायला आली की मी तिला फाटकाबाहेरच थांब म्हणायची. मी, तिची सून व्हायच्या आधी, माझ्या स्वतःच्या आईला. हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतेय.

मग लेकीला म्हटलं, ही माणसं कोण, घागरा का घालतात, शोध. तिनं शोधलं, तिच्या कॉलेजच्या मॅडमना विचारलं, मला वाचून दाखवलं. ते असं.

तो देश स्कॉटलंड. इंग्लंडच्या वरच्या अंगाला, डोंगराळ, थंडीचा, मेंढरांचा. तिथं आपल्यासारखीच कुळं. तिकडच्या कुळांची नावं मॅकडोनाल्ड, कॅम्पबेल, मॅकग्रेगर अशी. अंगावर घालायचं ते लोकरीचं चौकटीचं कापड, त्याला टार्टन म्हणतात. कमरेखाली नेसायचं ते किल्ट. आणि ऐका, पूर्वी तो शिवलेला नव्हता. लांबच्या लांब कापड जमिनीवर पसरायचं, त्याला निऱ्या घालायच्या, त्यावर आडवं होऊन कमरेला पट्टा आवळायचा आणि उरलेला भाग खांद्यावर टाकायचा. आपलं लुगडं नऊवार. आजच्या चांगल्या किल्टलाही आठवार कापड लागतं म्हणतात. म्हणजे तिथल्या गड्यांनी आणि इथल्या बायांनी एकच विद्या जपली, न शिवता कापड अंगावर बसवायची.

नेसायचे गडी, पण सूत काढायच्या बाया. लोकर पिंजायच्या, कातायच्या, झाडपाल्याच्या आणि दगडावरच्या शेवाळीसारख्या बुरशीच्या रंगात रंगवायच्या. कापड विणून झालं की ओलं करून, फळीभोवती बसून दोन्ही हातांनी आपटून आपटून घट्ट करायच्या. आपटायचा ताल धरायला गाणी म्हणायच्या. आपण जात्यावर ओव्या म्हणायचो तशीच. कामाचं गाणं बाईनं कुठल्याही देशात सोडलेलं नाही.

आता माझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट सांगते. १७०३ साली मार्टिन मार्टिन नावाच्या एका माणसानं तिकडच्या बेटांचं वर्णन छापलं. त्यात लिहिलंय की या बाया कापडाचा नमुना एका लाकडाच्या काठीवर ठेवतात. कोणत्या रंगाचे किती धागे, त्यानंतर कोणत्या रंगाचे किती, अशी प्रत्येक पट्ट्याची मोजणी त्या काठीवर. तोच माणूस सांगतो की बेटाबेटाचं कापड वेगळं, आणि बघणाऱ्याला कापडावरून माणूस कुठला ते ओळखता येई. म्हणजे तेव्हा कापड सांगायचं ते गाव, मुलूख. आणि त्या गावाची गुरुकिल्ली होती बाईच्या घरातली एक काठी.

मग काय झालं? १७४५ साली तिथल्या डोंगराळ भागातल्या बऱ्याच कुळांनी राजाविरुद्ध उठाव केला. १७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या माळावर त्यांचा पराभव झाला. राजाच्या लोकांनी ओळखलं की या माणसांची एकी त्यांच्या कपड्यातही आहे. त्यांनी कायदाच केला. १ ऑगस्ट १७४७ पासून स्कॉटलंडमधल्या पुरुषानं आणि पोरानं हा पोशाख घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग. दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. राजाच्या पलटणीत भरती झालेल्याला मात्र मुभा. म्हणजे आपल्या राजासाठी घातला तर गुन्हा आणि त्यांच्या राजासाठी घातला तर शाबासकी.

हा कायदा १७८२ साली मागे घेतला. मोजा, ३५ वर्षं. एवढ्या वर्षांत काय होतं? ज्या बाईनं काठीवरची मोजणी केली ती म्हातारी होऊन जाते. तिच्या लेकीनं बंदीच्या काळात काठी कशाला सांभाळायची? ती चुलीत जाते.

पुढची गंमत ऐका, आणि ती गंमत आहे का ते तुम्हीच ठरवा. बंदी उठल्यावर पुढं हौस परत आली. १८१५ साली लंडनमधल्या एका मंडळानं कुळांच्या प्रमुखांना कळवलं की तुमच्या कुळाच्या कापडाचा खरा नमुना सही करून पाठवा. तर कित्येक प्रमुखांना आपलं कापड कोणतं तेच माहीत नव्हतं! त्यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारलं. काहींनी चक्क कापड व्यापाऱ्याला विचारलं. बॅनकबर्न गावात विल्सन नावाचा मोठा कारखाना होता, पलटणींना कापड पुरवायचा. त्यांच्या १८१९ सालच्या नमुन्यांच्या वहीत दोनशेहून जास्त नमुने होते. नमुन्याला आधी नुसता आकडा असायचा, मग विकायला सोपं जावं म्हणून गावाचं नाहीतर कुळाचं नाव लागायचं. १८२२ साली राजा एडिनबरोला आला, त्याच्या स्वागताला सगळ्यांनी आपापल्या कुळाचं कापड घालून यायचं ठरलं. वॉल्टर स्कॉट नावाच्या लेखकानं सगळा थाट मांडला. मग तर मागणीला पूर आला. १८४२ साली दोघा भावांनी जुनी पोथी मिळाली म्हणून कुळांच्या कापडांचं पुस्तक छापलं. ती पोथी बनावट निघाली. पण तिच्यातले नमुने लोक आजही आपल्या खापरपणजोबांचे म्हणून घालतात.

लेक म्हणाली, "मग आई, हे सगळं खोटंच ना?" मी त्यावर खूप विचार केला. खोटं म्हणवत नाही. आज दोनशे वर्षं झाली, आजोबा नातवाला लग्नात आपला किल्ट देतो, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, ते पाणी काही व्यापाऱ्यानं विकलेलं नाही. आता तर तिथल्या सरकारनं २००८ साली कायदा करून टार्टनची सरकारी नोंदवही केली आहे. कुणीही नवा नमुना नोंदवू शकतो. प्रेम खरं आहे. पण काठीवरची मोजणी गेली ती गेली. ती परत कुणाला मिळाली नाही. आपल्या घरची खूण कोणती, हे आपल्याला दुकानदारानं सांगावं, एवढी वेळ आली.

मायबहिणींनो, आपल्याकडं तर असा कुठला कायदाही आला नाही. फेटिया घालू नको म्हणून कुणी आपल्याला तुरुंगात टाकलं नाही. आपण हसण्याला भ्यालो. आणि खरं सांगायचं तर नुसतं हसणंच नव्हतं. आणखीही कारणं होती, ती मोकळेपणानं बोलली पाहिजेत.

पहिलं म्हणजे वजन. कोयता घेऊन ऊस तोडायला गेलेल्या बाईनं थंडीत पहाटे चारला उठायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. त्यात हा एवढा घेर आणि घुंगरं घेऊन कसं जमणार? साडी सोपी, तिच्यावर गड्याचा शर्ट चढवला की पाचटानं हात कापत नाहीत. दुसरं पाणी. कारखान्याच्या खोपीवर प्यायला पाणी नसतं, तिथं आरशांचा फेटिया धुणार कुठं? तिसरं पैसा. चांदी मोडून कुणाचं आजारपण निघालं, कुणाच्या मुलाची फी भरली गेली. ज्या बाईनं घुगरी मोडून लेकाला शिकवलं, तिला मी नावं ठेवणार नाही. तुम्हीही ठेवू नका.

आणि चौथं, ते जरा अवघड आहे. हा पोशाख बाईची ओळख सांगायचा, तसं तिचं दुःखही गावाला सांगायचा. नवरा गेला की घुगरी उतरली, बलिया उतरल्या, रंग उतरला. बाजारात उभी राहिली की लांबूनच कळायचं. माझी चुलती पंचविशीत विधवा झाली. साडी नेसायला लागली तेव्हा म्हणाली, आता निदान माझ्याकडं बघून कुणी वाट बदलत नाही. तिच्यासाठी साडी म्हणजे सुटका होती. म्हणून मी म्हणत नाही की जुनं ते सगळं उचला आणि पुन्हा अंगावर चढवा. आपण काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते आपण बायांनी बसून ठरवायचं. टाका ठेवू. रंग प्रत्येकीला देऊ, नवरा असो नसो. वाट बदलायची रीत सोडून देऊ.

मग ठेवायचं म्हणजे काय करायचं? पेटीत ठेवायचं? याडीनं विचारलेला प्रश्न तोच. वस्तुसंग्रहालयात ठेवायचं? तेही चांगलंच. वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. रामनवमीच्या यात्रेला जाल तेव्हा लेकीसुनांना घेऊन बघा. पण काचेआडचा फेटिया बघून सुई कशी घालायची ते कळत नाही. तिथं कापड राहतं. टाका राहायचा असेल तर तो एका हातातून दुसऱ्या हातातच जावा लागतो.

हे जमतं याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यात संडूर नावाचं गाव आहे. तिकडं आपल्याच माणसांना लंबाणी म्हणतात. तिथल्या संडूर कुशल कला केंद्रात लंबाणी बाया गेली कित्येक वर्षं भरतकाम करतात आणि त्यावर घर चालवतात. त्यांनी आपल्या टाक्यांची मोजदाद केली, नावं लिहून ठेवली. कीलन, वेले, बक्या, माकी, रेलो, नाकरा अशी नावं आहेत. २०१० साली संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्या नावानं दुसऱ्या कुणाला माल विकता येत नाही. पैठणीला आणि इरकलीला आहे तसंच. जुलै २०२३ मध्ये हम्पीला जी-ट्वेंटीची बैठक झाली, तेव्हा साडेचारशेहून जास्त बायांनी भरलेल्या १,७५५ वस्तू एका ठिकाणी मांडल्या आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. त्या बाया रोज फेटिया घालूनच बसतात असं नाही. पिशवी भरतात, उशीचा अभ्रा भरतात, कुर्त्याचा गळा भरतात. कापड बदललं, टाका तोच.

आता आपण काय करायचं ते सांगते. फार नाही, चार-पाच गोष्टी. आमच्या गटानं सुरू केल्यात, म्हणून सांगायचा हक्क आहे.

पहिली गोष्ट. पेटी उघडा. पावसाळा संपला की एक दिवस सगळं बाहेर काढून सावलीत वारा द्या. कडक उन्हात नको, रंग उडतो. जुना लाल आणि निळा रंग पाण्यात सुटतो, म्हणून भिजवू नका, पावडरीत तर मुळीच नको. मऊ कापडानं धूळ झटका. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळा, वाळलेला लिंबाचा पाला टाका. लोखंडी पेटीच्या तळाला जाड कापड अंथरा, नाहीतर गंजाचे डाग पडतात.

दुसरी गोष्ट. प्रत्येक कपड्याला एक सुती चिठ्ठी टाचा. त्यावर लिहा, हे कुणाचं, कुणी भरलं, कोणत्या तांड्यावर, कुणाच्या लग्नात. साल माहीत नसेल तर ७२ च्या दुष्काळाच्या आधी की नंतर एवढं लिहिलं तरी चालेल. म्हातारीला लिहिता येत नसेल तर नातीनं लिहावं. वीस वर्षांनी त्या कपड्यापेक्षा ती चिठ्ठी मोलाची होईल.

तिसरी गोष्ट, ही सगळ्यात मोठी. नमुन्याची पट्टी करा. स्कॉटलंडच्या बायांची काठी आठवते ना? तसंच. हातभर जाड सुती कापड घ्या. तांड्यावरच्या जाणत्या बाईपुढं बसा. तिला येणारा प्रत्येक टाका त्या पट्टीवर एकेक बोट रुंदीत घाला. खाली टाक्याचं नाव लिहा. उलटी बाजूही स्वच्छ ठेवा, कारण टाका कसा फिरला ते उलट्या बाजूनंच कळतं. सोबत फोनवर तिच्या हाताचा व्हिडिओ काढा. चेहऱ्याचा नको, हाताचाच, जवळून, सावकाश. पण व्हिडिओवर भरवसा टाकून बसू नका. फोन हरवतो, हात हरवत नाही.

चौथी गोष्ट. दारावर विकत घ्यायला कुणी आला तर त्या दिवशी विकू नका. "गटात विचारून सांगते" म्हणा. एवढं एकच वाक्य पाठ करा. जुने फेटिये कापून त्यांच्या पिशव्या आणि गाद्यागिरद्यांच्या खोळी होतात आणि मोठ्या शहरांत विकल्या जातात. विकायची वेळ येते, मला कळतं. पण विकायच्या आधी त्याचा नमुना पट्टीवर उतरवून घ्या आणि किंमत चौघींनी मिळून ठरवा. आणि नवं काम करून विकत असाल तर सुईला लागलेले तास मोजून दर सांगा. रोजंदारीपेक्षा कमी दरात डोळे फोडायचे नाहीत.

पाचवी गोष्ट. घाला. वर्षातून चार दिवस तरी. १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराजांची जयंती, होळी, श्रावणातली तीज, घरातलं लग्न. पूर्ण पोशाख नको असेल तर साडीवर भरलेली कांचळी घाला, लेकीच्या कुर्त्याला लेपोची पट्टी लावा. हसणारे हसतील. तुम्ही आठ-दहा जणी एकदम घातलात की हसणाऱ्याला आपोआप गप बसावं लागतं. एकटीचं हसू होतं, दहा जणींचा थाट होतो.

ज्या बहिणी तांड्यावरच्या नाहीत त्यांनाही हेच लागू आहे. तुमच्या घरात आजीचं इरकली लुगडं असेल. पण लेकीला कासोटा घालून नऊवार नेसता येतं का? की लग्नात शिवलेली तयार नऊवारी भाड्यानं आणावी लागते? वाकळ कुणाला शिवता येते, जुन्या लुगड्याचे थर लावून, सरळ धाव दोऱ्याची? धनगराच्या घरातल्या बाईला लोकर कातता येते का अजून? प्रत्येक घरात एखादी तरी गोष्ट अशी असते की ती एकाच म्हातारीला येते. ती कोणती, तेवढं आज रात्री जेवताना विचारा.

शेवटी पेटीची गोष्ट पुरी करते. कांचळी परत मिळाली नाही. तो माणूस पुन्हा आला नाही. मग आम्ही नवी करायची ठरवली. कापड परळीहून आणलं, आरसे आणि दोरा आणला. याडीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा तसाच आहे. ती सांगते आणि माझी लेक भरते. एक टाका मात्र कुणाला जमेना. त्या कांचळीच्या खांद्यावर होता. याडीला त्याचं नाव आठवत नाही, कसा घालायचा तेही सांगता येत नाही. म्हणाली, "तोंडाला येत नाही गं, हाताला येतो." मग लेकीनं सुई याडीच्या हातात दिली आणि स्वतःचा हात तिच्या हातावर ठेवला. दोघींचे हात एकदम फिरले. दोनदा चुकला, उसवला. तिसऱ्यांदा बसला. वाकडा आहे, पण बसला. लेकीनं तो लगेच पट्टीवर उतरवला. नाव नव्हतं, म्हणून खाली लिहिलं, "आजीचा टाका".

याडीनं विचारलं होतं ना, कुणाला घालायची होती? नवी कांचळी लेकीच्या मापाची बेतली आहे. तिनं मापं स्वतः दिली. मी सांगितलं नव्हतं.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक जुना कपडा आणि घरातली एक म्हातारी, दोन्ही घेऊन या. कपडा नसला तरी चालेल, म्हातारी आणाच.

येते मग. रामराम.